मागची रांग

"पुढच्यांनी गुडघे जुळवा. मागच्यांनी दोन डोक्यांच्या मधून बघा," धाकटे म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाचा त्यांना अचंबा वाटला. एवढ्या माणसांना एकदम हुकूम सोडायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

कागद कारखान्याच्या शेडपुढे चार रांगा लागल्या होत्या. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर साहेबलोक. मधोमध मॅनेजर पोट आत घेऊन बसले होते आणि ते आणखी किती वेळ आत ठेवता येईल, याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्यांच्या मागे कारकून आणि मुकादम उभे. त्यांच्या मागे बाकांवर कामगार, आणि सगळ्यांत मागे, टेबलं जोडून त्यावर टाकलेल्या फळ्यांवर उरलेले कामगार. कारखान्यात नवं यंत्र बसलं होतं, त्या आनंदाप्रीत्यर्थ हा फोटो. आनंद नक्की कुणाला झाला होता, ते कुणाला खुर्ची मिळाली यावरून कळत होतं.

खरं तर हे काम दादांचं. दादा म्हणजे धाकट्यांचे थोरले भाऊ, स्टुडिओचे मालक आणि गावात ग्रुप फोटोचा शेवटचा शब्द. उन्हाळ्यात त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही जवळजवळ गेलं. पन्नाशी उलटली तरी अख्खी गल्ली ज्यांना धाकटे म्हणायची, त्या धाकट्यांच्या गळ्यात कॅमेरा आला तो असा.

तोवर धाकट्यांचं जग एका खुर्चीएवढं होतं. पासपोर्ट फोटोची ती खुर्ची जमिनीला ठोकलेली, कॅमेरा स्टँडवर, स्टँडच्या पायांखाली रंगाच्या खुणा. माणूस यायचा, बसायचा, धाकटे म्हणायचे, "हनुवटी जरा खाली," आणि खटका दाबायचे. भिंगाचं भोक किती उघडायचं हे दादांनी एकदा ठरवून दिलं होतं, त्याला नंतर कुणाचा हात लागला नव्हता. बाकी वेळ ते डार्करूममध्ये असत, नाहीतर रिटचिंगच्या टेबलाशी पेन्सिलीला टोक काढून लोकांच्या गालांवरचे मुरमांचे डाग बुजवत. लग्न केलं नाही, भांडण केलं नाही, दुकानाच्या पाटीवर नाव लावून मागितलं नाही.

दादा ग्रुप फोटोला निघाले की धाकटे पिशवी घेऊन मागे असायचे. दादा रांगा लावायचे, भिंगाशी काहीतरी खुडबुड करायचे आणि मग ओरडायचे, "आता हलायचं नाही! श्वास नंतर घ्या!" माणसं अवघडून जायची, मुलं रडकुंडीला यायची. धाकट्यांना वाटायचं, दादांना माणसं ताटकळत ठेवायला आवडतं. घरात तरी दुसरं काय करतात! परतताना दादा म्हणायचे, "डेप्थ पाहिजे रे, डेप्थ." ते धाकट्यांनी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलेलं होतं.

आता फळीवरचे कामगार रात्रपाळी करून आले होते. झोपेने डुलत होते. एकाला तर शेजाऱ्याने कोपरखळी मारून जागं केलं. आभाळ भरून आलं होतं, शेडची सावली पडली होती. धाकट्यांना त्यांची दया आली. त्यांनी भिंग पुरतं उघडलं, म्हणजे उजेड भरपूर येईल आणि खटका झटकन मिटेल, कुणी हललं तरी चिंता नको. मॅनेजरांच्या मिशीवर फोकस धरला. मिशीचा केस न् केस दिसत होता. एक, दोन, तीन, झालं.

"अरे वा!" मॅनेजरांनी पोट सोडलं. "तुमच्या भावापेक्षा तुम्ही बरे. तो आमचे पुतळे करायचा."

धाकटे घरी आले ते हवेतच. इतक्या वर्षांत दादांपेक्षा बरं म्हणणारा पहिला माणूस भेटला होता.

प्रिंट सुकल्यावर त्यांनी तो दादांच्या मांडीवर ठेवला. दादा स्टुडिओतच खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसून असत. त्यांनी डाव्या हाताचं बोट पहिल्या रांगेवरून फिरवलं. दुसऱ्या रांगेवरून फिरवलं. तिसरीवर बोट रेंगाळलं आणि चौथीवर थांबलं. मग त्यांनी मान वर करून धाकट्यांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. दादांनी फोटो उलटा करून मांडीवर पालथा घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

धाकट्यांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मॅनेजरांची मिशी, कारकुनांच्या खिशातली पेनं, सगळं लख्ख. पण मागे जाता जाता माणसं विरघळत गेली होती. शेवटच्या रांगेत तोंडं होती, पण ती कुणाची हे सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी खुणेने लाकडी कॅमेरा मागवला. हा त्यांच्या वडिलांच्या वेळचा, भाता असलेला, मागे दुधी काच आणि वर काळं कापड. आता शोभेला ठेवलेला. धाकट्यांनी तो दादांच्या पुढ्यात मांडला. दादांनी टेबलावरच्या औषधाच्या बाटल्यांकडे बोट केलं, मग हाताने हवेत एक रेघ ओढली.

"रांग लावू? बाटल्यांची?"

दादांनी होकारार्थी मान हलवली.

वहिनी पेज घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हे काय चाललंय, भावोजी? औषधं घ्यायची सोडून त्यांचा ग्रुप फोटो काढताय?"

"दादा शिकवतायत, वहिनी."

"मग शिका. पण खोकल्याचं औषध पुढे बसवा, महाग आहे ते."

दादांच्या तोंडाची डावी बाजू जराशी हसली. धाकटे कापडात शिरले. दुधी काचेवर बाटल्या उलट्या लटकत होत्या. पहिल्या बाटलीवरची अक्षरं स्पष्ट होती, शेवटची बाटली म्हणजे नुसता तपकिरी डाग. दादांचा डावा हात चाचपडत भिंगाशी आला आणि त्यांनी कडं फिरवलं. काच काळवंडली. आणखी फिरवलं, आणखी काळवंडली. धाकट्यांना वाटलं, आता काहीच दिसणार नाही. पण डोळे सरावले आणि त्यांनी पाहिलं, त्या अंधारात दुसऱ्या बाटलीची अक्षरं आली होती, मग तिसरीची. शेवटच्या बाटलीवरचं डॉक्टरांचं चिकटवलेलं चिठोरंसुद्धा वाचता येऊ लागलं. भोक जेवढं लहान, तेवढा उजेड कमी, आणि तेवढंच मागचं जास्त दिसतं.

म्हणून दादा माणसांना हलू देत नसत. भोक बारीक केलं की खटका बराच वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढा वेळ माणसाला दगड व्हावं लागतं. पुढच्यांसाठी त्याची गरज नसते. तो सगळा छळ मागच्या रांगेसाठी होता.

धाकटे कापडातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादा, एवढं सोपं होतं. मी कधी विचारलंच नाही हो." दादांनी डावा हात हलवला, म्हणजे असू दे. मग पुन्हा कड्याकडे बोट केलं, म्हणजे पुन्हा कर.

पुढचे काही दिवस धाकट्यांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी बाटल्या लावल्या, वाट्या लावल्या, दुकानातल्या रिकाम्या चौकटी एकामागे एक उभ्या केल्या. फोकस पहिल्यावर धरायचा नाही, जरा आतल्या बाजूला धरायचा, म्हणजे पुढचंही सांभाळलं जातं आणि मागचंही, हेही दादांनी त्यांना बोटांनीच शिकवलं. वहिनींना त्यांनी गल्लीतल्या तीन बायकांच्या मागे उभं केलं आणि दम दिला, "हलू नका! श्वास नंतर घ्या!" वहिनी म्हणाल्या, "झालं. एक होते ते काय कमी होते?" त्या फोटोत वहिनींच्या पदराचे काठ मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आले होते. दादांनी तो बराच वेळ हातात धरला.

तो फोटो खिशात घालून धाकटे कारखान्यात गेले. ग्रुप फोटो एव्हाना मॅनेजरांच्या खुर्चीमागे मोठ्या चौकटीत लागला होता.

"साहेब, तो पुन्हा काढायचा होता. माझी चूक झाली. मागची रांग नीट आली नाही. पैसे नकोत मला."

मॅनेजरांनी खुर्ची फिरवून फोटोकडे पाहिलं. स्वतःकडे पाहिलं. "छान आलाय की! काय वाईट आहे यात?"

"मागचे लोक पुसट आलेत."

"मागचे कोण बघतंय, फोटोवाले? दोन पाळ्या थांबवून सगळ्यांना पुन्हा उभं करू? पुढच्या वर्षी बघू."

धाकट्यांनी आणखी आग्रह करायला हवा होता. पण आग्रह करायची सवय नव्हती आणि साहेबाने एकदा नाही म्हटल्यावर तिथे उभं राहायचं कसं, हेच त्यांना माहीत नव्हतं. "बरं साहेब," म्हणाले आणि परतले. पुढच्या वर्षी भोक किती बारीक करायचं आणि फोकस कुठे धरायचा, हे त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं.

पुढचं वर्ष आलं नाही. थंडीत एका सकाळी गावातल्या काचा थरथरल्या. स्टुडिओच्या काउंटरवरच्या चौकटी खाली आल्या. लोक रस्त्यावर धावले तेव्हा कारखान्याच्या बाजूला पांढरी वाफ आभाळात चढत होती आणि कारखान्याचा भोंगा वाजत होता, तो कुणी बंदच करेना. बॉयलर फुटला होता. शेड त्या पाळीच्या अंगावर बसली. साहेबांचं ऑफिस रस्त्याच्या पलीकडे होतं, तिथे फक्त छताची माती पडली. शेडमधून जे बाहेर काढलं ते घरच्यांना दाखवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. पेट्या बंद करून दिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात लोक स्टुडिओत यायला लागले.

ज्यांच्या घरी लग्नाचा एखादा फोटो होता, ते आले नाहीत. आले ते बाकीचे. हातावर पोट असलेल्या माणसाला फोटो काढायला सवड कुठून? आणि कारखान्याच्या ओळखपत्रावर नुसता नंबर असे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, यंत्र बसलं तेव्हा सगळ्यांचा फोटो निघाला होता, त्यातून माणूस मोठा करून मिळतो.

धाकट्यांनी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करून खाली पाडणाऱ्या दिव्यात, घातली. लहान आकारात चेहरे पुसट का होईना, चेहरे वाटत होते. एकेकाला मोठं केलं, तर समोर नुसतं धुकं. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, तोंडाच्या जागी एक. पहिल्या रांगेतल्या मॅनेजरांचा चेहरा भिंतीएवढा केला असता तरी चालला असता. मॅनेजर जिवंत होते, आणि त्यांचा फोटो कुणालाच नको होता.

"असेच आहेत का सगळे?" एका कामगाराच्या वडिलांनी विचारलं.

"माझ्याकडून चूक झाली," धाकटे म्हणाले. ते प्रत्येकाला हेच सांगत होते. कुणी चिडलं नाही, हे आणखी वाईट. त्या दिवसांत लोकांकडे चिडायला ताकद उरली नव्हती.

मग त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं. प्रिंट टेबलावर ठेवला, पेन्सिलीला टोक काढलं आणि म्हाताऱ्याला शेजारी बसवलं. "मला सांगा, मी काढत जातो. भुवया कशा होत्या? जाड?"

"जाड. मधे जुळलेल्या."

"नाक?"

"नाक आमच्या घराण्याचं. असं." म्हाताऱ्याने स्वतःचं नाक पुढे केलं.

अशी माणसं रोज येऊन बसू लागली. एक सांगे, मिशी खाली उतरलेली होती. त्याचाच भाऊ म्हणे, नाही, अलीकडे काढून टाकली होती. एक तरुण बाई सगळं धडाधडा सांगत गेली आणि भांग कोणत्या बाजूला, या प्रश्नापाशी अडली. "रोज माझ्यासमोर भांग पाडायचे हो," ती म्हणाली, "आणि मला आठवत नाही." तोवर कोरडी होती, तिथे ती फुटली. वहिनींनी तिला आत नेलं.

धाकटे डोळ्यांत तेल घालून काम करत होते. पण तयार झालेले फोटो एकदा त्यांनी ओळीने वाळत टाकले आणि त्यांचा हात थांबला. सगळे एकमेकांचे भाऊ दिसत होते. त्यांच्या पेन्सिलीला एकच नाक येत होतं, एकच हनुवटी. लोक फोटो छातीशी धरून नेत होते खरे, पण रस्त्यावर पोहोचल्यावर पुन्हा एकदा काढून बघत होते, आणि मग जरा वेळ तिथेच उभे राहत होते.

एक म्हातारी आली तेव्हा तिने पेन्सिल हातात घेऊच दिली नाही. तिचा मुलगा शेवटच्या रांगेत होता, उंच, कान बाहेर आलेले. धुक्यातसुद्धा ते दोन कान दिसत होते.

"मावशी, मी डोळे जरा उघडून देतो. बरा दिसेल."

"नको बाबा. तू काढलेला नको मला. माझा आहे तेवढा दे."

धाकट्यांनी तेवढाच दिला. तिने कानांवरून अंगठा फिरवला, एकदा या आणि एकदा त्या. "हाच," म्हणाली. त्या सगळ्या दिवसांत पूर्ण समाधानाने गेलेली ती एकटीच. तिच्यामागे दार लागल्यावर धाकट्यांनी पेन्सिल खणात टाकून दिली.

मग एका दुपारी आणखी एक बाई आली. कडेवर मुलगी, दीडेक वर्षाची, झोपलेली. दुकानात आणखी दोघं होते, ते हिला पाहताच काम तसंच टाकून निघून गेले. जाताना त्यातल्या एकाने उंबऱ्यावर थुंकल्यासारखं केलं. बाईने ते पाहिलं नाही असं दाखवलं.

"मला पण एक पाहिजे होता, भाऊ."

धाकट्यांनी ग्रुप फोटो काउंटरवर सरकवला. "कुठल्या रांगेत आहेत तुमचे?"

तिने बराच वेळ पाहिलं. मग शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं. "हा."

"ताई, हा नाही. हा त्या मावशींचा मुलगा. हे कान..."

"माहीत आहे मला. भिंतीला भिंत लागून आहे आमची. हिला खेळवायचा तो."

"मग तुमचे कुठे आहेत?"

"यात नाहीत." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "सगळे फोटोला आले तर बॉयलरपाशी कोण थांबणार? हे थांबले. त्या दिवशी पण हेच थांबले होते."

आता धाकट्यांना कळलं की ती कोण. बॉयलरवाला झोपला होता, म्हणून बॉयलर फुटला, असं मॅनेजरांनी चौकशीत सांगितलं होतं आणि गावानेही ते उचललं होतं. राग कुणावर तरी काढायचाच होता, आणि मेलेला माणूस त्याला सोयीचा होता.

"झोपले नव्हते हो ते," ती म्हणाली. आवाज चढला नाही. हे वाक्य बोलून बोलून तिचा आवाज झिजला होता. "दोन दिवस सांगत होते, दाबाचा काटा अडकतोय, बॉयलर बंद करा. ज्या साहेबांना सांगत होते ते म्हणाले, ही ऑर्डर निघू दे. आता मी कुणाला सांगू? तेव्हा शेडमध्ये ऐकणारे होते ते सगळे गेले."

खिडकीपाशी दादा आरामखुर्चीत होते. त्यांची मान इकडे वळली होती.

"घरात एकही फोटो नाही?"

"काढू काढू म्हणत राहिलो." तिने पुन्हा बोट ठेवलं. "भाऊ, ह्याच्या खांद्यावर बघा, शेजारच्याने हात ठेवलाय. तेवढा तुकडा द्या मला. हात असलेला."

"पण हे ते नाहीत ना, ताई."

"पोरगी मोठी होईल. लोक तिला सांगणारच, तुझ्या बापाने एवढी माणसं मारली. शाळेत सांगतील, पाण्याच्या नळावर सांगतील. तेव्हा मी काय दाखवू? मला तिला दाखवायचंय, हा बघ तुझा बाप. सगळ्यांच्यात उभा आहे. ह्याच्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला होता."

फोटो नीट आला असता तर तिने हे मागितलंच नसतं. मागता आलंच नसतं. दादांच्या फोटोत प्रत्येक माणूस तो स्वतः असायचा, तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहायला जागा नसायची.

"आणि त्या मावशींनी पाहिला तर?" ते शेवटी म्हणाले. "भिंतीला भिंत म्हणता. त्या कानांवरून ओळखतील. त्यांच्याकडे तेवढंच आहे हो."

"म्हणून तर विचारते." पहिल्यांदाच ती जरा अडखळली. "आणखी थोडा पुसट करता येतो का?"

खिडकीपाशी धप्पकन आवाज झाला. दादांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली होती. तोंड वेडंवाकडं झालं होतं, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता, तो आता निघाला.

"खो... टं."

मुलगी दचकून जागी झाली आणि रडायला लागली. बाईने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि काउंटरपासून एक पाऊल मागे सरली. अशा वेळी मागे सरायची तिला आता सवय झाली असावी.

धाकटे दादांकडे बघत राहिले. आयुष्यभर या माणसाच्या मागे पिशवी धरून चालले होते. दादा चूक कधी बोलले नव्हते, आताही बोलत नव्हते. त्यांना दादांचं म्हणणं मान्य होतं, आणि आपण काय करणार आहोत तेही कळून चुकलं होतं. दोन्हींमुळे त्यांना रडू येत होतं.

"हो दादा," ते म्हणाले. "खोटंच आहे." मग बाईकडे वळले. "बसा ताई. पोरीला पाणी पाजा. वहिनी आत आहेत."

डार्करूमचं दार त्यांनी आतून लावलं. बाहेर दादांची मूठ पुन्हा एकदा आपटल्याचं ऐकू आलं, मग नाही.

लाल दिव्यात त्यांनी निगेटिव्ह लावली, एन्लार्जर वर चढवला आणि मागच्या रांगेचं ते टोक चौकटीत आणलं. म्हातारीचा मुलगा खाली पांढऱ्या फळीवर येऊन उभा राहिला, कान बाहेर, शेजाऱ्याचा हात खांद्यावर. धाकट्यांनी फोकसच्या चाकावर बोटं ठेवली. हे चाक हव्या त्या जागेवर आणायला ते तरुणपणी महिनोन् महिने शिकले होते. आता त्यांनी ते उलटं फिरवलं. आधी डोळ्यांच्या सावल्या गेल्या. मग एक कान डोक्यात मिसळला, मग दुसरा. उंची राहिली, पण तेवढे उंच पुष्कळ असतात. "माफ कर रे बाबा," ते पुटपुटले. आणखी थोडं फिरवलं तेव्हा म्हातारीचा मुलगा तिथून पुरता गेला आणि कुणीतरी एक माणूस उरला.

खांद्यावरचा हात अजून कळत होता. बोटं नव्हती, पण हात आहे एवढं कळत होतं. आणखी जरासं फिरवलं असतं तर तोही गेला असता. तिथे त्यांनी चाक सोडलं, एन्लार्जरचा दिवा मालवला आणि लाल अंधारात चाचपडत कागद लावला.